ग्रुपवर आलं, दप्तरी नाही

मा. प्रधान सचिव,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.



तालुक्याच्या कार्यालयात आज काम कसं चालतं हे आपल्या विभागाला ठाऊक आहेच. सकाळी गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता येतो. केंद्रप्रमुख तो मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर टाकतात, मुख्याध्यापक शिक्षकांच्या. दुपारपर्यंत ‘निरंक असल्यास तसे कळवावे’ या शेऱ्यासह माहिती त्याच वाटेने वर जाते. आरोग्य खात्यात आशा आणि गटप्रवर्तक, महसुलात तलाठी आणि मंडळ अधिकारी, ग्रामविकासात ग्रामसेवक आणि विस्तार अधिकारी, सगळीकडे हीच साखळी. आदेश ग्रुपवर, स्मरणपत्र ग्रुपवर, आणि ‘टाकलंय’ हीच पोच.

मी कार्यालयांतल्या लोकांना संगणकावरचं काम शिकवतो. पंचायत समित्या, शाळा, लहान सेवाभावी संस्था, एखादी पतसंस्था हे माझं क्षेत्र. मिळून काम करण्याची जी साधनं आज बाजारात आहेत, त्यांतली बहुतेक मी या मंडळींच्या शेजारी बसून वापरली आहेत. राज्य सरकार आज ना उद्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठी असं एखादं साधन निवडेल. तेव्हा आपल्यापुढे सादरीकरणं होतील, तुलनेचे तक्ते येतील, कुणाकडे किती जणांचा व्हिडिओ कॉल होतो आणि कुणाकडे कृत्रिम बुद्धिमत्ता आहे हे सांगितलं जाईल. माझी विनंती अशी की हे सारं दुसऱ्या क्रमांकावर ठेवावं. पहिला प्रश्न हा असावा: इथे झालेलं बोलणं कुणाच्या ताब्यात राहणार, आणि उद्या हे साधन सोडायची वेळ आली तर ते बोलणं आपल्याला सोबत नेता येणार का?

व्हॉट्सॲपला नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते सरकारी कामात कुणी निविदा काढून आणलेलं नाही. ते आलं, कारण स्वस्तातल्या फोनवर आणि तुटक रेंजमध्येही ते चालतं, टंकलेखन येत नसेल तर बोलून निरोप देता येतो, आणि कुणाला ते शिकवावं लागत नाही. पूर आला तेव्हा, करोनाच्या लाटेत, लसीकरणाच्या याद्या फिरत होत्या तेव्हा, याच ग्रुपांनी गावं जोडून ठेवली. जे कुठलं नवं साधन येईल, त्याला आधी एवढं तरी करून दाखवावं लागेल.

पण तिथे जे साठतं ते माणसाच्या खासगी नंबरापाशी साठतं, पदापाशी नाही. अधिकारी बदलून गेला की तो ग्रुपमधून बाहेर पडतो आणि दोन-तीन वर्षांचा पत्रव्यवहार त्याच्या खिशातून नव्या जिल्ह्यात जातो. नवा अधिकारी ग्रुपमध्ये येतो तेव्हा मागचं सारं बोलणं त्याला मिळत नाही. पाठवलेला निरोप साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. बॅकअप कर्मचाऱ्याच्या खासगी गुगल खात्यावर जातो, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवर तो त्या खात्याच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबी जागेतच मोजला जातो. म्हणून घरच्या लग्नाचे फोटो ठेवायचे की शौचालयांच्या पाहणीचे, हा प्रश्न ग्रामसेवकाला पडतो आणि त्याचं उत्तर तो घराच्या बाजूनेच देतो. आशाताईंचा आणि अंगणवाडी सेविकांचा खासगी नंबर शेकडो अनोळखी लोकांपुढे उघडा पडतो, याबद्दल तर कुणी बोलतही नाही. त्या बायका मला शिकवणीच्या मधल्या सुट्टीत हळूच विचारतात, ‘सर, नंबर न दाखवता ग्रुपमध्ये राहता येतं का?’

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. माणसं गेली, मजले जळाले, हजारो नस्त्यांची राख झाली. त्यानंतर कागदांचं संगणकीकरण आणि ई-ऑफिस यांना वेग आला, कारण दप्तर नष्ट होणं म्हणजे काय हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ई-ऑफिसने टिपणी आणि नस्तीचा प्रवास सुरक्षित केला, हे मोठं काम आहे. पण नस्ती सुरू होते ती विषय पिकल्यावर. त्याआधीची चर्चा, कुणी काय विचारलं, कुणी कधी इशारा दिला, पाण्याची टाकी गळते हे पहिल्यांदा कुणी कळवलं, हे सगळं ग्रुपवर होतं आणि नस्तीत शेवटचे चार परिच्छेद येतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या व्याख्येत ई-मेल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्री नावानिशी आहे. कायदा तयार आहे, पण अर्ज आल्यावर जन माहिती अधिकाऱ्याने ते शोधायचं कुणाच्या फोनमध्ये?

आता साधनांकडे येतो.

स्लॅक २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि कार्यालयीन गप्पांना त्याने शिस्त लावली: विषयवार चॅनेल, निरोपाखाली त्याचंच उत्तर, उत्तम शोध. शिकायला सोपं, वापरायला सुखद. एका लहान संस्थेसाठी मीही ते सुचवलं असतं. पण २०२२ मध्ये त्याच्या मोफत योजनेत फक्त मागच्या ९० दिवसांचं बोलणं दिसेल असा नियम झाला, आणि २०२४ पासून मोफत खात्यांवरचा एका वर्षापेक्षा जुना मजकूर कायमचा पुसायला सुरुवात झाली. आपलंच बोलणं बाहेर काढायचं म्हटलं तर खालच्या योजनांत फक्त सार्वजनिक चॅनेलांचा मजकूर मिळतो. खासगी चॅनेलांसाठी वरची योजना घ्यावी लागते, अर्ज करावा लागतो. सेवाभावी संस्थांनी मोफत म्हणून घेतलेल्या जागेत त्यांच्या प्रकल्पांचा इतिहास असा हातातून जाताना मी पाहिला आहे. कंपनीने काही बेकायदा केलं नाही. करारात ते होतं, आणि करार कुणी वाचला नव्हता.

मायक्रोसॉफ्ट टीम्स २०१७ मध्ये आलं आणि ऑफिससोबत एकाच पुडक्यात घरोघर पोचलं. या पुडक्याविरुद्ध स्लॅकने २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. पुढे मायक्रोसॉफ्टने टीम्स वेगळं विकायला सुरुवात केली, आधी युरोपात आणि २०२४ मध्ये जगभर. ज्या कार्यालयात वर्ड-एक्सेल रोजचं आहे तिथे फाइली आणि बैठका एकाच जागी सांधण्यात टीम्सला तोड नाही. मात्र जुन्या फोनवर ते जड चालतं, आणि तालुक्यातला माणूस संगणकापुढे नसतो. तो फोन घेऊन बांधावर उभा असतो. गुगलची शीट तर आजच राज्यभर भरली जाते आणि तिच्याइतकी उपयोगी गोष्ट मला दुसरी सापडलेली नाही. त्रास तिच्यात नाही, ती ज्या रीतीने वाटली जाते त्यात आहे. विद्यार्थ्यांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक असलेली शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडी ठेवून ग्रुपवर टाकली जाते. ती बनवणारा कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर असतो, शीट त्याच्या खासगी खात्यावर असते, आणि कंत्राट संपलं तरी ती तिथेच राहते.

झोहोचं नाव अलीकडे जास्त ऐकू येतं. १९९६ मध्ये सुरू झालेली ही कंपनी तमिळनाडूची. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल तिच्या व्यवस्थेवर गेली आहे. तिचं क्लिक हे साधन स्लॅकच्या बरोबरीने चालतं आणि दर परवडणारे आहेत. देशी कंपनी वाढावी असं मलाही मनापासून वाटतं. तरी माझा पहिला प्रश्न तिलाही तसाच लागू आहे. कंपनी चेन्नईची असो की सिएटलची, निघायची वाट करारात लिहिलेली नसेल तर आपण अडकलोच.

ही भीती कागदी नाही. मेटा कंपनीच्या ‘वर्कप्लेस’ या कार्यालयीन व्यासपीठावर सिंगापूर सरकारने आपले कर्मचारी आणले होते. मे २०२४ मध्ये मेटाने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. अ‍ॅटलासियनचं हिपचॅट २०१९ मध्ये गेलं, स्काइप मे २०२५ मध्ये गेलं. आणि घराजवळचं उदाहरण नायरा एनर्जीचं. गुजरातेत वाडीनारला शुद्धीकरण कारखाना असलेल्या या कंपनीवर जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादले, आणि त्यामागोमाग मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, परवाने चालू, कंपनी भारतातली, तरी स्वतःच्याच मेलपासून ती तुटली. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांनी सेवा परत सुरू झाल्या. एका कंपनीला हे काही दिवस निभावता आले. अतिवृष्टीच्या आठवड्यात कोल्हापूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा प्रशासनाला ते निभावणार नाहीत.

दुसरा रस्ता मुक्त स्रोताच्या साधनांचा: झुलिप, मॅटरमोस्ट, रॉकेट चॅट, मॅट्रिक्स या खुल्या संदेश-मानकावर चालणारं एलिमेंट, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड. ही आपल्याच सर्व्हरवर बसवता येतात. सरकारी कामाच्या दृष्टीने मला यांत झुलिप सर्वांत जवळचं वाटतं, आणि त्याचं कारण साधं आहे. तिथे चॅनेलमधला प्रत्येक निरोप एका विषयाखाली जातो. ‘पाणीटंचाई’ या चॅनेलमध्ये ‘टँकर मागणी, अमुक गाव’ हा विषय वेगळा आणि ‘विहीर अधिग्रहण’ हा वेगळा. दोन्हींवर एकाच वेळी बोलणं चाललं तरी गुंता होत नाही, आणि महिन्यानंतर आलेल्या माणसाला तो विषय पहिल्या ओळीपासून वाचता येतो. ज्या कारकुनाने आयुष्यभर एका नस्तीत एकच विषय ठेवला, त्याला हे पटवून द्यावं लागत नाही. उलट ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांची सवय झालेल्या तरुणांना विषय लिहायचा कंटाळा येतो, हेही सांगितलं पाहिजे. २०१५ पासून झुलिपचं सारं अंतरंग खुलं आहे. मॅटरमोस्ट आणि रॉकेट चॅट यांच्या काही सोयी मात्र सशुल्क परवान्याखाली येतात; निविदेत ‘मुक्त स्रोत’ एवढाच शब्द लिहून भागणार नाही.

फ्रान्सने २०१९ मध्ये मॅट्रिक्सच्या पायावर ‘चाप’ नावाचं स्वतःचं सरकारी संदेश-साधन सुरू केलं. पहिल्याच दिवसांत एका संशोधकाने दाखवून दिलं की सरकारी मेल नसतानाही आत शिरता येतं. चूक लगेच दुरुस्त झाली, काम चालू राहिलं, आणि २०२५ मध्ये मंत्रालयांनी तेच वापरावं असं पंतप्रधानांचं परिपत्रक निघालं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून अधिक सरकारी मेलपेट्या मायक्रोसॉफ्टकडून मुक्त साधनांवर नेल्या. त्याच जर्मनीत म्युनिक शहराने दहा वर्षं खपून आपले संगणक लिनक्सवर नेले होते, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. ही तिन्ही उदाहरणं मी सोबत ठेवतो, कारण मुक्त स्रोत घेतला की प्रश्न सुटला असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही. सर्व्हर सांभाळायला माणसं लागतात, सुरक्षेची दुरुस्ती आली की त्याच रात्री ती चढवावी लागते, बॅकअप परत उतरवून पाहावा लागतो, आणि रुसलेल्या वापरणाऱ्याचा फोन कुणीतरी उचलावा लागतो. परवान्याचा पैसा वाचतो तो या माणसांवर खर्च करायचा असतो. माणशी दरमहा १०० रुपये धरले तरी १ लाख कर्मचाऱ्यांचे वर्षाला १२ कोटी होतात, आणि ते दर वर्षी द्यायचे असतात. त्या पैशात जिल्ह्याजिल्ह्यात शिकलेली तांत्रिक माणसं उभी राहू शकतात. केंद्र सरकारचं मुक्त स्रोत स्वीकारण्याचं धोरण २०१५ पासून कागदावर आहेच.

मराठीचा मुद्दा मी सर्वांत कळकळीने मांडतो, कारण तो एकाही सादरीकरणात येत नाही. तुलनेच्या तक्त्यात ‘मराठी उपलब्ध’ अशी खूण असते आणि तिचा अर्थ बटणांची नावं मराठीत, एवढाच असतो. दप्तराचा जीव शोधात असतो. ‘शाळा’ असं शोधलं तर ‘शाळेत’, ‘शाळांना’ असलेले निरोप सापडले पाहिजेत. ‘रस्ता’ शोधल्यावर ‘रस्त्याचे काम’ आलं पाहिजे. इंग्रजीसाठी ही सोय या साधनांत पूर्वीपासून असते. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना तो आतूनच बदलतो, म्हणून नुसती अक्षरं जुळवणारा शोध इथे लंगडा पडतो. आणखी एक बारीक गोष्ट. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातलं ऱ्य युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टंकता येतं. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाने एका कळफलकावर लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर शोधलं, तर समोर असलेला निरोप सापडत नाही. शेतकऱ्यांच्या राज्यात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधता न येणं मला सहन होत नाही.

याचा उपाय आपल्या हातात आहे. पोस्टग्रेससारख्या खुल्या डेटाबेसमध्ये हिंदी, नेपाळी, तमिळ शब्दांचं मूळ ओळखणारे नियम आलेले आहेत. मराठीचे नियम एकदा नीट लिहून खुले केले, तर त्याचा लाभ एका खात्याला नाही, मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला, ग्रंथालयाला, दैनिकाला होईल. राज्य मराठी विकास संस्था, विद्यापीठांतले भाषाविभाग आणि संगणकविभाग यांना एकत्र बसवून हे काम आपला विभाग करून घेऊ शकतो. बंद साधन घेतलं तर हीच गोष्ट कंपनीच्या मर्जीवर राहते, आणि कंपनीच्या यादीत मराठी कितव्या नंबरवर असेल हे आपण तिला विचारून पाहावं.

फोनबद्दलही एक आठवण देतो. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोन कमी क्षमतेचे, सतत अडकणारे, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. त्यांना तंत्रज्ञान नको होतं असं नाही. ज्या साधनाची निवड करताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं ते त्यांना नको होतं. म्हणून चाचणी मंत्रालयाच्या वातानुकूलित सभागृहात होऊ नये. धडगावच्या एखाद्या पाड्यावर किंवा भामरागडच्या उपकेंद्रात, सेविकेच्या स्वतःच्या फोनवर व्हावी. रेंज नसताना लिहिलेला निरोप रेंज आल्यावर आपोआप गेला का, फोटो लहान होऊन गेला का, बॅटरी किती उतरली, बोलून पाठवलेला निरोप कुणाला तरी मजकूर म्हणून वाचता येतो का, हे तिथेच कळेल. खातं पदाच्या नावाचं असावं, म्हणजे बदलीच्या वेळी किल्ल्या आणि शिक्क्यांबरोबर बोलण्याचाही प्रभार दिला-घेतला जाईल आणि कुणाचा खासगी नंबर कुणाला दिसणार नाही. आणि आपत्तीचं चॅनेल सोडून बाकी सगळं संध्याकाळनंतर मूक राहावं, ही व्यवस्था साधनातच असावी. रात्री दहाला आलेल्या ‘तात्काळ’ला उत्तर न देण्याची हिंमत एकट्या शिक्षकाकडून अपेक्षिणं योग्य नाही.

माझी मागणी एका तालुक्यापुरती आहे. येत्या एप्रिल-मेच्या बदल्यांपूर्वी एक डोंगरी तालुका निवडावा. तिथे दोन साधनं, एक विकतचं आणि एक आपल्या सर्व्हरवरचं, दोन वेगळ्या खात्यांत तीन-चार महिने खरोखरीच्या कामासाठी चालवावीत. मग बदल्या होऊ द्याव्यात, आणि नव्या अधिकाऱ्याला तो येण्याआधीचा टँकरचा विषय किती वेळात सापडतो ते पाहावं. शेवटी दोन्ही साधनांतलं सगळं बोलणं जोडलेल्या फाइलींसह बाहेर काढून तिसऱ्याच एका साधनात उतरवून दाखवायला सांगावं, सगळ्यांसमोर. ज्याला ते जमणार नाही त्याच्या दराचा लिफाफा उघडू नये. या चाचणीचा अहवाल, त्यातल्या अपयशांसह, विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध व्हावा, म्हणजे महापालिका, सहकारी बँका आणि शिक्षणसंस्था यांनाही तो वापरता येईल.

तालुका ठरला की तिथल्या सेविका, ग्रामसेवक आणि केंद्रप्रमुख यांना शिकवण्याचं काम मी विनामोबदला करायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी काहीजण येतील. आपल्या कार्यालयाने फक्त तारीख कळवावी.

कळावे,

आपला,
कार्यालयीन संगणक-प्रशिक्षणाचं काम करणारा एक नागरिक